प्लेटलेट कमी आल्यात, मग बाळंतपणात पाठीतलं भुलीचं इंजेक्शन घेता येईल का?

नववा महिना लागतो, रिपोर्टात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 85 हजार येतात आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरतात, भूलतज्ज्ञ म्हणून हे मी नेहमी बघते. ताई, आधी तपासणी परत करून घे. जांभळ्या झाकणाच्या नळीत जे औषध असतं त्याने काहीजणींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या नीट मोजतच नाही, म्हणून लॅबला स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायला सांगायचं, लागलं तर निळ्या झाकणाच्या नळीत रक्त पुन्हा द्यायचं.

खरंच कमी असतील तर कशामुळे ते डॉक्टरांना विचार. शेवटच्या महिन्यांत बऱ्याचजणींच्या थोड्या उतरतात, बाळंतपणानंतर आपोआप वर येतात. आयटीपी, म्हणजे शरीर स्वतःच आपल्या प्लेटलेट नष्ट करतं तो आजार, असेल तर जुने रिपोर्ट फाइलला लावून ठेव. पण बीपी वाढलंय, डोकं ठणकतंय, उजव्या बरगडीखाली दुखतंय, तर हेल्प (HELLP) सिंड्रोमची, म्हणजे गरोदरपणात यकृत बिघडून प्लेटलेट पडतात त्या गंभीर आजाराची, शंका येते, त्यात आकडा इतका भराभर पडतो की सकाळचा रिपोर्ट संध्याकाळी चालत नाही, आम्ही ताजाच मागतो.

आता आकडा. अमेरिकेतल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या सोसायटीने 2021 मध्ये सांगितलंय की 70 हजार किंवा वर असतील, रक्तस्रावाचा त्रास नसेल, रक्त पातळ करायचं औषध चालू नसेल, तर पाठीतल्या इंजेक्शनने मणक्यात रक्त साकळायचा धोका फार कमी. 50 ते 70 हजारात आम्ही पेशंट बघून ठरवतो, 50 च्या खाली बहुतेक टाळतोच. मग पूर्ण भूल का देत नाही सरसकट? कारण बीपीवाल्या बाईचा घसा सुजलेला असतो, श्वासाची नळी घालताना बीपी उसळतं, तोही धोका मोठाच आहे.

म्हणून कळा सुरू व्हायची वाट न बघता आधीच भूलतज्ज्ञांना भेट. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का, बीपीचा पट्टा काढल्यावर दंडावर बारीक लाल ठिपके उठतात का, हे सांग. पोटावर हेपरिनचं, म्हणजे रक्त पातळ करायचं, इंजेक्शन घेत असशील तर शेवटचं किती वाजता घेतलं ते लिहूनच ठेव, डोसप्रमाणे 12 किंवा 24 तास पाठीतल्या इंजेक्शनसाठी थांबावं लागतं. छोट्या डोसच्या ॲस्पिरिनने एकट्याने अडत नाही, तरी सांगच.

आणि पाठीतल्या इंजेक्शननंतर पायाकडे लक्ष. चार तासांनीही पाय सरळ उचलता येत नसेल, किंवा हलायला लागलेला पाय परत जड झाला, पाठ खूप दुखली, लघवी होईना, तर रात्रीचे तीन का वाजले असेनात, सिस्टरला उठव, कारण मणक्यात रक्ताची गुठळी असेल तर एमआरआय करून काही तासांत ऑपरेशन लागतं.