तालुक्यातालुक्यातले सर्व्हर एका स्क्रिप्टने तपासताना

दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद अशा गावांत जिनिंगच्या काट्यावर एकेक लिनक्स सर्व्हर असेल, तर स्क्रिप्टने आधी दोन गोष्टी वेगळ्या काढल्या पाहिजेत: सर्व्हर लागलाच नाही, की लागला पण नेटवर्कचं सेटिंग चुकलंय. पहिल्यात बहुतेकदा लाइन (वीज) गेलेली असते. दोन्हींपुढे सरसकट ‘फेल’ लिहिलं, की माणूस उगाच एसटी पकडून जातो.

हा फरक एसएसएचच (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करून कमांड चालवणारं साधन) सांगतं. जोडणी झाली नाही तर एक्झिट कोड (कमांड संपताना मिळणारा आकडा) 255 येतो, झाली तर पलीकडच्या कमांडचा कोड जसाच्या तसा येतो. मात्र सर्व्हरने लॉगिनची ‘की’ (पासवर्डऐवजी वापरायची फाइल) नाकारली तरी 255च येतो, म्हणून एररचा मजकूरही लॉगमध्ये ठेवा.

यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा: एका ओळीत नाव, आयपी, अपेक्षित गेटवे (बाहेरच्या नेटवर्कला जायचा रस्ता) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर). व्हाइल लूपने ती वाचत असाल तर एसएसएचला ‘डॅश एन’ (-n) द्याच. नाही दिलं तर उरलेली यादी एसएसएच स्वतःचं इनपुट समजून वाचून टाकतं. पहिला सर्व्हर तपासून स्क्रिप्ट संपते आणि एररही दिसत नाही. एसएसएचचा बॅचमोड ‘येस’ ठेवा, नाहीतर पासवर्डसाठी अडून बसेल. कनेक्टटाइमआउट 10 सेकंद पुरतो, पण तो फक्त जोडणीपुरता. मधेच लटकणाऱ्या कमांडसाठी सगळ्याला ‘टाइमआउट 60’ लावा. वेळ संपली की कोड 124 मिळतो.

आता खरी तपासणी. चालू पत्ता आणि डिफॉल्ट रूट (म्हणजे गेटवे) यादीशी ताडा, आणि डिस्कवरच्या सेटिंगशीही ताडा. हे दुसरं बहुतेक जण सोडून देतात. कुणीतरी ‘आयपी रूट’ कमांडने गेटवे तात्पुरता बदलतो, काम चालू होतं, रात्री लाइन जाऊन आली की जुनंच सेटिंग परत येतं, तेही ऐन कापसाच्या आवकीत. उबुंटूवर डीएनएससाठी ‘रिझॉल्व्ह कॉन्फ’ फाइल बघू नका, तिथे सहसा 127.0.0.53 (त्याच सर्व्हरचा आतला पत्ता) एवढंच दिसतं. खरा पत्ता ‘रिझॉल्व्हसीटीएल’ ही कमांड दाखवते.

‘इथटूल’ कमांडने लिंकचा वेगही घ्या. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 मेगाबिटला दोनच. काट्याच्या केबिनखाली उंदराने एक जोडी कुरतडली तर वेग 1000 वरून 100 वर येऊ शकतो आणि पिंग मात्र व्यवस्थित चालतं.

255 आलेल्या सर्व्हरची वेगळी यादी करून अर्ध्या तासाने पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही तेच आलं, तरच तिथल्या माणसाला फोन करा.