वीज गेली, नेट गेलं, तरी देवघेव चालू: कोहा वापरणाऱ्या विद्यापीठ ग्रंथालयांसाठी

कोहा म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदी आणि पुस्तकांची देवघेव सांभाळणारं सॉफ्टवेअर. कोणती सेवा किती वेळ बंद राहिली तर चालेल, हे बिघाड नसताना ठरवून कागदावर लिहून ठेवा. देवघेवीचा काउंटर दहा मिनिटंही थांबू नये. ओपॅक, म्हणजे वाचकांसाठीची संगणकावरची तालिका, दुपारपर्यंत बंद असला तर विद्यार्थी कपाटांशी जाऊन पुस्तक शोधतात. प्रबंधांचं डिजिटल भांडार, पीएचडीच्या मुदतीचे दिवस सोडले तर, दोन दिवस थांबू शकतं. हा क्रम ठरलेला नसला की यूपीएस नेमका इंटरनेट कक्षातल्या संगणकांना जोडलेला सापडतो आणि काउंटर अंधारात असतो.

वीज

आधी भार मोजा. छोटा सर्व्हर १५० वॉट, संगणक एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विच २० वॉट, काउंटरचे दोन डेस्कटॉप मिळून १६० वॉट, म्हणजे एकूण ३३०. एक केव्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचच्या तीन बॅटऱ्या असतील तर कागदावर २५२ वॉट-तास दिसतात. पण इतक्या वेगाने बॅटरी रिकामी केली की त्यातले जेमतेम निम्मेच हाती लागतात, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. दोन उन्हाळे गेलेल्या बॅटरीकडून तेवढीही अपेक्षा धरू नका. पुण्यासारख्या शहरात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद असते ती काही तास, त्यामुळे हे गणित तिथेच तुटतं.

स्वस्त उपाय म्हणजे काउंटरवर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप ठेवणं. बारकोड स्कॅनर यूएसबीवरच चालतो, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते आणि यूपीएसवर उरतो फक्त १७० वॉटचा भार. लेझर प्रिंटर यूपीएसला कधीही जोडू नका. शाई कागदावर पक्की करणारा फ्यूजर तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ट्रिप होतो.

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’ हे सॉफ्टवेअर बसवा. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल असं ठरवून द्या. कोहाचा डेटाबेस सांभाळणारी मारियाडीबी अचानक वीज गेल्यावर बहुतेक वेळा सावरते, पण ‘बहुतेक’ या शब्दावर सत्तर हजार नोंदी सोडू नयेत.

नेट गेलं की कोहा का बंद पडतं?

सर्व्हर त्याच इमारतीत असूनही नेट गेल्यावर कोहा उघडत नाही, ही तक्रार नेहमीची. कारण साधं आहे: काउंटरचा संगणक कोहाचा पत्ता बाहेरच्या डीएनएसला (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेला) विचारतो आणि बाहेर जायचा रस्ताच बंद असतो. काउंटरच्या प्रत्येक संगणकाच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये कोहाचं नाव आणि सर्व्हरचा आतला आयपी पत्ता लिहून ठेवा. मग वायर ओढून खरोखर तपासा.

दोन कंपन्यांची जोडणी घेतली असेल तर दोन्ही फायबर एकाच चरातून येत नाहीत ना, ते पाहा. जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. ई-जर्नल्ससाठी इन्फेडचं (इन्फ्लिबनेटच्या सामायिक प्रवेश-सेवेचं) लॉगिन विद्यार्थ्यांना आधीच देऊन ठेवा; आयपीवर आधारलेला प्रवेश परिसराचं नेट गेलं की संपतो, लॉगिन मात्र मोबाइल डेटावर चालतं.

बॅकअप, आणि तो उतरवायची जागा

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजने बसवलेलं कोहा रोज रात्री स्वतः बॅकअप घेतं, म्हणून बरेच जण निश्चिंत असतात. हा बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर पडतो आणि मुळातली मांडणी (सेटिंग्ज) तशीच ठेवली तर फक्त दोन दिवस टिकतो. शुक्रवारी बिघडलेला डेटा सोमवारी लक्षात आला, तर उरलेल्या प्रतीही बिघडलेल्याच. म्हणून पहाटे त्या फाइली आरसिंक या फाइली नेणाऱ्या साधनाने दुसऱ्या संगणकावर न्या, तिथे १४ दैनिक आणि १२ मासिक प्रती ठेवा. शिवाय दोन बाह्य हार्डडिस्क आठवड्याआड आलटूनपालटून वापरा. त्यातली एक नेहमी दुसऱ्या इमारतीत, वायर काढलेली. फाइलचा आकार रोज पाहा. डिस्क भरली की फाइल तयार होते, पण अर्धवट.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. डिजिटल संग्रहाच्या प्रती त्यांच्याकडे सुरक्षित होत्या, पण त्या उतरवायला, म्हणजे परत चालू करायला, चालतील असे सर्व्हर उरले नव्हते. तालिका जानेवारी २०२४ मध्ये परत आली, तीही फक्त वाचण्यापुरती.

त्यामुळे दर तीन महिन्यांनी आठ जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर, डेबियन आणि कोहाची तीच आवृत्ती घालून, ‘कोहा-रिस्टोअर’ चालवून पाहा. त्याला दोन फाइली लागतात, डेटाबेसची आणि मांडणीची. नंतर झेब्राचं, म्हणजे कोहातला शोध चालवणाऱ्या भागाचं, अनुक्रमण (इंडेक्सिंग) पुन्हा करा. मग तीन गोष्टी जुळवा: एकूण नोंदी, पुस्तकाचा शेवटचा दाखल क्रमांक, आदल्या दिवसाची एखादी देवघेव. आणि हे सगळं करण्याआधी त्या डेस्कटॉपची नेटची वायर काढा, उतरवून झाल्यावर ‘कोहा-ईमेल-डिसेबल’ चालवा. मांडणीच्या फाइलीबरोबर ईमेलची परवानगीही परत येते आणि हा चाचणीचा डबा खऱ्या वाचकांना थकबाकीच्या सूचना पाठवायला लागतो.

सगळंच बंद असताना काउंटर

विंडोजवर चालणारं कोहाचं ऑफलाइन देवघेवीचं साधन लॅपटॉपवर बसवून ठेवा. ते देवघेवीच्या नोंदींची केओसी फाइल तयार करतं. सर्व्हर आला की ती फाइल चढवा, पण थेट लागू न करता आधी प्रलंबित रांगेत घालून तपासा. ब्राउझरमधल्या जुन्या ऑफलाइन सोयीवर विसंबू नका. ती ज्या ॲपकॅशवर (पान नेटशिवाय उघडू देणाऱ्या ब्राउझरच्या सोयीवर) चालायची ते क्रोम आणि फायरफॉक्सने केव्हाच काढून टाकलं.

लॅपटॉपही नसेल तर छापील तक्ता: वेळ, वाचकाचा क्रमांक, दाखल क्रमांक, शीर्षकाचा पहिला शब्द, दिलं की घेतलं. शीर्षकाचा शब्द फालतू वाटतो, पण घाईत ४५१२७ चं ४५२१७ झालं तर ती चूक त्यावरूनच सापडते. पन्नास तक्ते काउंटरच्या खणात ठेवा. ऑफलाइन असताना कुणाकडे किती पुस्तकं आहेत ते कळत नाही, म्हणून प्रत्येकी दोनच द्या.

नंतरची भरणी वेळेच्या क्रमानेच करा. अकराला परत आलेलं पुस्तक साडेअकराला दुसऱ्याला दिलं असेल आणि नोंदी उलट्या भरल्या, तर दुसऱ्याच्या नावावरून पुस्तक उतरतं आणि नंतर ते कुणाकडेच नसतं. ग्रंथालय पूर्ण बंद राहिलेला दिवस कोहाच्या कॅलेंडरमध्ये सुट्टी म्हणून टाका आणि दंडाची मोजणी कॅलेंडरप्रमाणे होते ना ते पाहा; बिघाडानंतरची बहुतेक भांडणं दंडावरूनच होतात.

वीज आल्यावर

लगेच बटणं दाबू नका, दहा मिनिटं थांबा. पहिल्या काही मिनिटांत वीज पुन्हा जाऊ शकते. आधी स्विच, मग सर्व्हर, शेवटी काउंटर. पहिलं पुस्तक देण्याआधी सर्व्हरची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर घड्याळ काही वर्षं मागे जातं, नेट नसल्यामुळे ते दुरुस्तही होत नाही, आणि परतीच्या तारखा भलत्याच पडतात. सेल पन्नास रुपयांच्या आत मिळतो.

बारकोडने देवघेव होते, पण ओपॅकमध्ये शोधलं की काहीच सापडत नाही, असं दिसलं तर डेटा गेला म्हणून घाबरू नका. देवघेव थेट डेटाबेसवर चालते, शोध झेब्रावर. झेब्राची सेवा पुन्हा सुरू करा; तरी जमलं नाही तर अनुक्रमण नव्याने करा. मोठ्या संग्रहाला त्यासाठी तासापेक्षा जास्त लागू शकतो, तोवर काउंटर चालू ठेवायला हरकत नाही.