हृदयरुग्णाची काळजी घेताना या चुका टाळा

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू शकत नाही अशा, रुग्णाला लघवी वाढवणारी गोळी चालू असूनही पायांवरची सूज उतरत नाही, वजन वाढत जाते आणि मग डोस वाढवण्याचा विचार सुरू होतो. गोळी खरोखर पोटात जाते का, हे त्याआधी नीट विचारले जात नाही, ही पहिली आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक. प्रवासात किंवा कामावर वारंवार लघवीला जावे लागेल या संकोचाने अनेक जण ती टाळतात आणि ‘गोळ्या नियमित घेता ना?’ या प्रश्नावर नुसती मान डोलावतात. ‘या आठवड्यात कोणती गोळी राहिली, आणि त्या दिवशी काय होते?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. मग डॉक्टरांना गोळीची वेळ पुढेमागे करून प्रश्न सोडवता येतो.

स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात 2010 पासून व्यक्तिकेंद्री काळजीचे, म्हणजे रुग्णाला सोबत घेऊन उपचार ठरवण्याच्या पद्धतीचे, संशोधन केंद्र आहे. तेथील मांडणीत रुग्णाचे कथन, त्याच्याशी भागीदारी आणि ठरलेल्या गोष्टींची लेखी नोंद अशा तीन पायऱ्या आहेत. यांतली तिसरी पायरी सहज गळते, आणि गोळीची वेळ का बदलली हे कागदावर नसल्याने पुढचा डॉक्टर ती पुन्हा पूर्ववत करतो.

गुडघेदुखी ‘हृदयाचा विषय नाही’ म्हणून बाजूला ठेवू नये. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी शरीरात पाणी साठते आणि हार्ट फेल्युअर बळावते. पण दुखण्याची चौकशीच झाली नाही, तर रुग्ण त्या परस्पर घेत राहतो.

‘वजनावर लक्ष ठेवा’ एवढी सूचना पुरत नाही. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी वजन करायचे आणि तीन दिवसांत 2 किलोंहून अधिक वाढले तर कोणाला कळवायचे, हे रुग्णाकडूनच त्याच्या शब्दांत वदवून घ्यावे. नातेवाइकांनी त्याच्या वतीने उत्तरे देणे मात्र थांबवावे.

स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी) बसवल्यानंतर अंगावर काळेनिळे डाग उठले म्हणून कोणी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद केल्या, तर त्याच्यावर रागावू नये. रागावल्यास तो पुढच्या वेळी सांगणारच नाही, आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका मात्र तसाच राहील. डाग कशामुळे पडतात हे त्याला समजावावे आणि हृदयरोगतज्ज्ञांशी त्याच दिवशी बोलणे करून द्यावे.