मसाज थेरपीचे लायसन्स दुसऱ्या राज्यात नेताना

अमेरिकेत मसाज थेरपीचे लायसन्स केंद्र सरकार देत नाही, बहुतेक राज्ये आपापले देतात. त्यामुळे न्यू जर्सीत पाच वर्षे व्यवसाय केलेल्या थेरपिस्टने टेक्ससला बिऱ्हाड हलवले, तर जुन्या लायसन्सवर तिला तिथे एकही ग्राहक घेता येत नाही. लोक ‘लायसन्स ट्रान्सफर करायचे आहे’ असे सर्रास म्हणतात. पण जुने लायसन्स जिथल्या तिथेच राहते आणि नव्या राज्यात त्याच्या आधारावर नवा अर्ज करावा लागतो. ‘ट्रान्सफर’ म्हटले की दोन कार्यालये आपसांत कागद पाठवतील असे आपण गृहीत धरतो, प्रत्यक्षात मात्र एकेका कागदाच्या मागे आपल्यालाच लागावे लागते. म्हणून ही तयारी सामान बांधण्याच्या आधी सुरू करावी.

पहिला प्रश्न प्रशिक्षणाच्या तासांचा असतो. टेक्सस, फ्लोरिडा आणि न्यू जर्सी येथे ५०० तास पुरतात, मॅसॅच्युसेट्समध्ये ६५० लागतात, तर न्यूयॉर्कमध्ये १,०००. जास्त तासांच्या राज्यातून कमी तासांच्या राज्यात जाणे सोपे, उलट दिशेने जाताना मात्र उरलेले तास मान्यताप्राप्त शाळेत भरून काढण्याची वेळ येऊ शकते. बेरीज जुळली म्हणजे झाले, असेही नाही. टेक्ससच्या ५०० तासांत २०० तास प्रत्यक्ष मसाजच्या तंत्रांचे आणि ५० तास इंटर्नशिपचे धरलेले आहेत, आणि शरीररचना, विकृतिशास्त्र, जलोपचार, कायदा व व्यावसायिक नीती या प्रत्येकाचे तास वेगळे ठरलेले आहेत. तेव्हा शाळेकडून नुसते ‘५०० तास पूर्ण’ असे प्रमाणपत्र न घेता विषयवार तासांचे ट्रान्सक्रिप्ट मागावे आणि ते शाळेनेच थेट नव्या राज्याच्या कार्यालयाकडे पाठवावे असा आग्रह धरावा. शाळा बंद पडली असेल, तर तिचे दप्तर कोणाकडे गेले याची चौकशी त्या राज्यात खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाकडे करावी. भारतात केलेल्या पंचकर्माच्या किंवा अभ्यंगाच्या अल्पकालीन अभ्यासक्रमाचे तास या हिशेबात आपोआप धरले जात नाहीत. हातात कितीही कसब असले तरी.

परीक्षेची बाजू त्या मानाने सुटसुटीत आहे. मसाजचे लायसन्स देणाऱ्या राज्य मंडळांच्या फेडरेशनची ‘एमब्लेक्स’ ही परीक्षा २००७ पासून चालू असून बहुतेक राज्ये ती मानतात. उत्तीर्ण झालेल्याला ती सहसा पुन्हा द्यावी लागत नाही. निकाल मात्र फेडरेशनमार्फतच नव्या राज्याला पाठवावा लागतो. आपल्या हातातल्या निकालाची छायाप्रत चालत नाही. काही राज्ये आपल्या कायद्याची छोटी परीक्षा वेगळी घेतात, टेक्सस हे त्यांपैकीच एक.

यानंतर जुन्या मंडळाकडून लायसन्सच्या पडताळणीचे पत्र मागवावे. आजवर जिथे जिथे लायसन्स घेतले, त्या सर्व राज्यांची पत्रे मागितली जाऊ शकतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी सोडून दिलेले लायसन्सही अर्जात नमूद करावे. नवे लायसन्स हाती येईपर्यंत जुन्याचे नूतनीकरण चुकवू नये, कारण चालू लायसन्सच्या आधारावर अर्ज करणे आणि मुदत संपलेल्या लायसन्सच्या आधारावर करणे, यांत पुष्कळ फरक पडतो. बोटांचे ठसे पूर्वी दिले असले तरी नव्या राज्यासाठी ते बहुधा पुन्हा द्यावे लागतात.

मराठी घरांतल्या अर्जदार स्त्रियांचे काम खरे अडते ते नावापाशी. पासपोर्टवर मधले नाव नवऱ्याचे, शाळेच्या कागदांवर वडिलांचे, जुन्या लायसन्सवर माहेरचे आडनाव, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर मधल्या नावाचे नुसते आद्याक्षर! फायली तपासणाऱ्या कारकुनाला या चार वेगळ्या बायका वाटल्या, तर त्याला दोष देता येणार नाही. विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत आणि नावबदलाचा एक खुलासा अर्जासोबतच जोडावा, म्हणजे विचारणेच्या पत्रांत आठवडे जात नाहीत. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर काम करणाऱ्या जोडीदारासोबत आलेल्यांच्या व्हिसावर, असलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की लायसन्स म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे; वर्क परमिट वेगळे लागते.

काही ठिकाणी वाट निराळी आहे. कॅलिफोर्नियात राज्याचे सक्तीचे लायसन्स नसून तिथल्या मसाज कौन्सिलचे ऐच्छिक प्रमाणपत्र असते, आणि ते नसेल तर शहराचे नियम पाहावे लागतात. ॲरिझोनाने २०१९ मध्ये बाहेरच्या राज्यांतील व्यावसायिक लायसन्सना मान्यता देणारा कायदा केला, तर सैन्यातील बदलीमुळे स्थलांतर करणाऱ्या सैनिकांच्या जोडीदारांना २०२३ पासून केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. अनेक राज्यांत एकच लायसन्स चालावे यासाठी आखलेल्या आंतरराज्य करारात नेवाडा २०२३ मध्ये पहिल्याने सामील झाले. पण सात राज्यांनी कायदा केल्यावरच तो अमलात येईल अशी अट असून त्या लायसन्ससाठी ६२५ तासांचे प्रशिक्षण लागते. त्याच्या भरवशावर आजचा अर्ज लांबणीवर टाकू नये.

अर्ज पाठवल्यानंतर नव्या राज्याच्या संकेतस्थळावर आपले नाव आणि क्रमांक दिसेपर्यंत ग्राहक घेऊ नयेत, आणि ‘लवकरच सुरू’ अशी जाहिरातही देऊ नये. टेक्ससमध्ये लायसन्स नसताना थेरपिस्ट म्हणून जाहिरात करणे हेच कायद्याचे उल्लंघन ठरते. क्रमांक मिळाला की त्याच दिवशी विमा कंपनीला नवा पत्ता आणि नवे राज्य कळवावे.