आंब्याच्या स्क्वॅशमध्ये केएमएस कसं घालावं

मिरगाच्या तोंडावर आमच्याकडं लातुरात केशर आंब्याचे भाव उतरले की मी गर काढायला बसते. त्याचा स्क्वॅश वर्षभर टिकवायचा तर नुसत्या साखरेवर भागत नाही. चाळीस टक्के साखरेतसुद्धा यीस्ट जगतं आणि श्रावणात बाटली फसफसते. म्हणून केएमएस लागतं. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट हे त्याचं पूर्ण नाव, सल्फाइटांच्या कुळातली पांढरी पूड. खाद्यपदार्थांसाठीचीच मागून घ्या.

पुडी फोडली की काडीपेटीची काडी ओढल्यावर येतो तसला उग्र वास नाकात जातो. तो सल्फर डायऑक्साइडचा. खरं काम हाच वायू करतो: यीस्ट-बुरशी रोखतो, गर काळा पडू देत नाही. आंबट रसात त्याला जोर चढतो, त्यामुळं सायट्रिक ॲसिड केवळ चवीपुरतं समजू नका.

1 किलो गाळलेला गर, 1 किलो साखर, 750 मिली पाणी, 25 ग्रॅम सायट्रिक ॲसिड. साखर, पाणी आणि सायट्रिक ॲसिड उकळून पाक गाळा आणि पूर्ण गार होऊ द्या. मग त्यात गर मिसळा. केएमएस सगळ्यात शेवटी, कारण गरम पाकात घातलं तर वायू उडून जातो.

आता माप. एवढ्या स्क्वॅशला दीड ग्रॅम पुरतं. स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला 350 मिलिग्रॅम आहे आणि दीड ग्रॅममध्ये आपण तिच्या थोडं आतच राहतो. पण घरच्या काट्यावर दीड ग्रॅम मोजणार कसं? ‘चिमूटभर’ हे माप नव्हेच. माझी चिमूट आणि सासूबाईंची चिमूट यांत दुपटीचा फरक. मी 10 ग्रॅम पूड तोलते, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून एकूण 100 मिली करते आणि खोकल्याच्या औषधाच्या मापाच्या टोपणानं त्यातलं 15 मिली स्क्वॅशमध्ये ढवळते. झाला दीड ग्रॅम. उरलेलं पाणी ठेवू नका, दिवसागणिक त्याचा जोर कमी होतो. हे काम खिडकी उघडी ठेवून करा, आणि पूड व सायट्रिक ॲसिड पाण्यात एकत्र कालवू नका; भसकन वायू निघतो. उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत भरताना वर दोन बोटं जागा सोडा.

एकदा हुशारी करून मी जांभळाच्या स्क्वॅशलाही केएमएस घातलं. सकाळी बघते तर जांभळा रंग जाऊन फिक्कट गुलाबी पाणी! सल्फाइट असले रंग उडवतं. जांभूळ, कोकम यांना सोडियम बेंझोएटच बरं.

पिताना एक भाग स्क्वॅश, तीन भाग गार पाणी. अन्नातल्या रसायनांच्या जागतिक तज्ज्ञ समितीनं सल्फर डायऑक्साइडला घालून दिलेली मर्यादा वजनाच्या दर किलोमागं दिवसाला 0.7 मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला ती 42 येते आणि 200 मिलीच्या एका पेल्यातून साधारण 16 ते 18 जातं. पंधरा किलोच्या लेकराला मात्र तोच पेला जास्त होतो, त्याला अर्धाच द्या. दमा असलेल्या काहींना सल्फाइटनं धाप लागते. त्यांच्यासाठी मी केएमएस न घालता गर डीपफ्रीझरमध्ये ठेवते.

अशांनी विकतच्या वस्तूंची पाठही वाचावी. 220 ते 228 हे सल्फाइटांचे क्रमांक, आणि किलोला 10 मिलिग्रॅम वा जास्त असेल तर वेष्टनावर तसं लिहावं लागतं. पिवळेधमक बेदाणे बहुधा गंधकाच्या धुरीतले असतात. पांढऱ्या साखरेच्या रसालाही कारखान्यात गंधकाचा धूर देतात, पण शेवटी उरतं ते थोडकं.

गुळाचं वेगळं आहे, ढेपेवर असं वेष्टन नसतं. काही गुऱ्हाळांत रस उजळायला हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट टाकतात. पूर्वापार हे काम रानभेंडीच्या चिकानं व्हायचं, आजही कुठं कुठं होतं. रंगावरून छातीठोक सांगता येत नाही; काहिलीत काय पडलं ते गुऱ्हाळावरच विचारावं. मी तरी बाजारात तांबूस-काळपट ढेपच उचलते.