जायकवाडीच्या काठी हंस पाहायला जाताना

हंस म्हटलं की सरस्वतीच्या तसबिरीतला पांढराशुभ्र, लांब मानेचा पक्षी डोळ्यांसमोर येतो. तो मराठवाड्यात येत नाही. भारतातच तो फार क्वचित दिसतो, आणि दिसला तर उत्तरेकडे. पण दिवाळी सरली की पैठणच्या नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, त्याचाच एक भाऊबंद उतरतो, पट्टकादंब. राखाडी अंग, नारिंगी चोच, नारिंगी पाय आणि पांढऱ्या डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे. कुणी त्याला राजहंस म्हटलं तर मी दुरुस्त करत नाही. तिबेट आणि मंगोलियाकडच्या सरोवरांवरून निघून हिमालय ओलांडून हा पक्षी आपल्या हरभऱ्याच्या रानात उतरतो. राजहंस म्हणवून घ्यायचा मान त्यानं कमावलेला आहे. उपग्रहाद्वारे माग काढलेल्या पट्टकादंबांपैकी एकाची उंची ७,२९० मीटर नोंदली गेली आहे. त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू घट्ट धरून ठेवतं.

त्याला पाहायला जायचं तर आधी धरणातल्या पाण्याची टक्केवारी बघा.

‘जायकवाडी किती टक्के?’ हा प्रश्न आपल्याकडं पावसाळाभर घरोघरी असतो. पिण्याचं पाणी, उसाचं पाणी, उन्हाळ्याची धास्ती, सगळं त्या एका आकड्यावर. पक्षी पाहणाऱ्यानंही तोच आकडा बघावा. नाथसागर पसरट आणि उथळ आहे. पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर उघडा पडतो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर गाळाची पट्टी पाण्याखाली असते आणि पक्षी विखुरतात. बदकं मधल्या पाण्यावर ठिपक्यांसारखी दिसतात, चिखलात चरणारे पक्षी दुसरीकडं जातात. कालव्यांना पाणी सुटलं, पातळी उतरू लागली की ओला गाळ उघडा पडतो आणि मग काठाला खरी वर्दळ सुरू होते. म्हणून नुसती तारीख धरून जाऊ नका. धरण भरलेल्या वर्षी मी डिसेंबरच्या मध्यापर्यंत थांबतो. पाऊस कमी झालेला असेल तर नोव्हेंबरातच जातो. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायचे असतील तर आणखी धीर धरावा लागतो, कारण त्यांना उथळ पाण्यात उभं राहून चोच उलटी करून चिखल गाळायचा असतो.

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. वन्यजीव अभ्यासक आणि लेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी सुरू होतो आणि पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांच्या जन्मदिवशी संपतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याला हा आठवडा सोयीचा, कारण जाणकारांबरोबरच्या सहली याच दिवसांत निघतात. फक्त पट्टकादंबांचे मोठे थवे तेव्हाच भेटतील, अशी अपेक्षा ठेवू नका.

जागा निवडताना उन्हाचा विचार करा. छत्रपती संभाजीनगरहून पैठण साधारण ५० किलोमीटर. एसटीनं जाता येतं, पण पहाटे काठावर पोचायचं तर स्वतःची गाडी हवी किंवा आदल्या रात्री पैठणला मुक्काम. जलाशय पैठणपासून पश्चिमेकडं पसरत जातो. म्हणून सकाळी पिंपळवाडीसारख्या पूर्वेकडच्या काठावर उभं राहावं. सूर्य पाठीशी येतो आणि पक्ष्यांचे रंग उघडून दिसतात. तोच काठ संध्याकाळी डोळ्यांवर ऊन आणतो आणि प्रत्येक पक्षी काळी आकृती होऊन बसतो.

हा सगळा परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचा. निघण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात चौकशी करा, कुठे जाता येतं आणि परवानगी कशाला लागते ते विचारून घ्या. धरणाच्या भिंतीकडं कॅमेरा रोखू नका आणि ड्रोन घरीच ठेवा. आकाशात काही घोंघावलं की पक्ष्यांना तो शिकारी पक्षी वाटतो आणि अख्खा थवा उठतो.

सोबत दुर्बीण हवीच. ८×४२ ची घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. जास्त मोठं करून दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते आणि नवख्याला उडता पक्षी तिच्यात सापडतच नाही. कपडे मातीच्या रंगाचे घाला, कानटोपी घ्या. काठावरचा पहाटवारा बोचरा असतो. पाणी, भाकरी-ठेचा, वही, पेन्सिल. एवढं पुरतं.

आता मुख्य गोष्ट, वेळ. पट्टकादंब बहुतेक रात्रीचा चरतो. अंधार पडला की थवा पाणी सोडून रानात उतरतो आणि कोवळा हरभरा, गहू, गवत खातो. उजाडताना तो परत काठावर येतो आणि दिवसभर गाळावर अंग टाकून असतो. या दिवसांत सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. तुम्ही त्याच्या अर्धा तास आधी जागेवर बसलेले असा. आधी आवाज येतो, नाकातून काढलेला, भरडा, एकाला दुसऱ्यानं उत्तर दिल्यासारखा. मग फिकट आभाळात तिरकी रेघ दिसते, मोडते, पुन्हा जुळते. डोक्यावरून जाताना पंखांची फडफड ऐकू येते. मी हे कितीदा पाहिलंय, तरी त्या क्षणी दुर्बीण डोळ्याला लावायचं भान राहत नाही. लावूही नका. पहिला थवा नुसत्या डोळ्यांनी बघा.

थवा उतरला की जवळ जायचा मोह होतो, आणि इथंच बहुतेकांची चूक होते. सरळ पक्ष्यांच्या रोखानं चालू नका. तिरकं चाला, दहा-वीस पावलं टाकून थांबा, खाली बसा. पक्षी काय करतायत ते बघा. डोकी खाली असतील, पिसं साफ करणं चालू असेल, तर ते निवांत आहेत. एक मान ताठ झाली, मग दुसरी, मग पाच-सहा, तर तुम्ही फार पुढं आलात. तिथंच थांबा. ते पाण्याकडं चालू लागले तर मागं सरा. पहिल्या वर्षी मी ही खूण ओळखली नाही आणि फोटोसाठी चार पावलं जास्त टाकली. दोनेकशे पक्षी एकदम उठले आणि पलीकडच्या काठाला गेले. इतक्या लांबून आलेल्या पक्ष्याला विसाव्याच्या जागेवरून उठवलं, याची बोच अजून आहे.

पायाखालीही लक्ष असू द्या. वाळलेला दिसणारा गाळ वरून पापुद्र्यासारखा असतो, आत ओला. काठी टोचून बघितल्याशिवाय पाय टाकू नका आणि एकटे जाऊ नका.

पाणी उतरलं की त्या जमिनीवर गाळपेरा होतो. म्हणजे तुम्ही ज्याला काठ समजता ते कुणाचं तरी पीक असतं. बांधावरून चाला आणि शेतकरी दिसला तर आधी रामराम घाला. माझी बरीचशी माहिती अशाच बोलण्यातून आलेली आहे. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, “मामा, रात्री इकडं उतरले होते का?” ते म्हणाले, “उतरले की. त्या कोपऱ्यातला हरभरा पार खुडून टाकला बघा. तुम्ही पाहायला यायलाव, आम्ही हाकलायलोत.” त्यांचं नुकसान खरं आहे. पक्ष्यांच्या कौतुकात ते ऐकून न घेता पुढं जाऊ नये.

पट्टकादंब विसावले की बाकीच्यांकडं वळा. काळंभोर अंग आणि पांढरं कपाळ, तो वारकरी. एकनाथांच्या पैठणात या नावाचा पक्षी शेकड्यांनी दिसतो, हे मला फार आवडतं. पसरट चोचीचा थापट्या. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेलं हळदी-कुंकू बदक, हे मात्र इथलंच, पाहुणं नव्हे. केशरी-तांबूस चक्रवाक जोडीनं असतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या चिखलात टुकटुक चालतो. वरून दलदलीवरचा भोवत्या हा शिकारी पक्षी फिरला की सगळी बदकं एकदम दाटीनं एकत्र येतात. पहिल्या खेपेला पाच-सहा पक्षी नीट ओळखता आले तरी भरपूर झालं.

मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, वनविभागाला कळवा. जाळ्यात अडकलेला दिसला तरी तेच करा.

मोजणी जागेवरच लिहा. थव्यातले दहा पक्षी मोजा, ते दहा नजरेत केवढी जागा व्यापतात ते बघा आणि तेवढे तुकडे पुढं मोजत जा. तारीख, वेळ, जागा आणि त्या दिवशीची धरणाची टक्केवारी वहीत टाका. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद केलीत तर ती इतरांच्याही उपयोगी पडते. हीच रीत जिंतूरजवळच्या येलदरीला किंवा बीडच्या माजलगाव धरणालाही चालते, फक्त तिथला काठ नव्यानं समजून घ्यावा लागतो.

दहा वाजता ऊन चढलं की निघा, नाथांच्या समाधीचं दर्शन घ्या, जेवा. जमलं तर साडेपाचला परत काठावर या. सूर्य बुडाल्यावर गाळावरची डोकी एकेक करून वर होतात, कुजबुज वाढते आणि थवा पुन्हा रानाकडं निघतो.