पेपर टाकायच्या (राजीनामा द्यायच्या) आधी महिनाभर वही करा

मी चाकणला एका व्हेंडर कंपनीत (मोठ्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्या) क्वालिटीला होतो. जनरल शिफ्ट साडेआठ ते पाच, पण निघायला रोज रात्रीचे नऊ, आणि "एवढं डिस्पॅच निघू दे, मग जा" हे चार वर्षं ऐकलं. एका आठवड्यात तीनदा दुपारचा डबा संध्याकाळी सहाला खाल्ला, तेव्हा डोकं फिरलं, पण पेपर टाकले नाहीत, आधी वही केली. तुम्हीही तेच करा.

रोज आत गेल्याची आणि खरी बाहेर पडल्याची वेळ लिहा. पंचिंगवर जाऊ नका, आमच्याकडे पाचला पंच मारून परत लाईनवर यायची पद्धत होती.

महिना संपला की भागाकार. सीटीसी, म्हणजे कंपनी सांगते तो तुमच्यावरचा एकूण वर्षाचा खर्च, विसरा, त्यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम), मेडिक्लेम सगळं घुसडलेलं असतं. खात्यात पडतात तेवढेच धरा. माझे २९,००० पडायचे, २६ दिवस, कागदावर ८ तास म्हणजे तासाला १३९ रुपये. वहीप्रमाणे १२ तास निघाले, म्हणजे ९३.

कारखान्यात आठवड्याला ४८ तासांच्या वर गेलं की कामगाराला दुप्पट दराने ओटी (ओव्हरटाइम) द्यावा लागतो. म्हणूनच ऑफिसर, एक्झिक्युटिव्ह अशी पदं वाटतात, ओटीचा विषयच नको. ओटी मिळणार का हे नुसत्या पदावर ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करता ते बघतात, पण भांडायचं तर लेखी लागतं, त्यामुळे "आज थांब" हे मेलवर किंवा निदान व्हॉट्सॲपवर येऊ द्या.

मग वही घेऊन साहेबांकडे जा, पण एकदाच. माझ्या साहेबांनी "दिवाळीनंतर बघू" सांगितलं, कुठली दिवाळी ते नाही सांगितलं. आणखी एक बघा, जे सोडून गेले त्यांचं काम तुमच्याकडे 'तात्पुरतं' आलं आणि तीन महिने झाले तरी नवा माणूस नाही, तर ते काम कायमचं तुमचंच समजा आणि बाहेर इंटरव्ह्यू द्यायला लागा.

आता तारखा. ग्रॅच्युइटीला साधारण ५ वर्षं पूर्ण लागतात. माझी चार वर्षं नऊ महिने झाली होती, कसेबसे तीन महिने ढकलले आणि मगच राजीनामा दिला, कारण नोटीस पिरियड धरून ५ वर्षं भरवायला गेलात आणि कंपनीने आधीच मोकळं केलं तर पंचाईत. बेसिक (मूळ पगार) १५,००० होतं, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचं, गुणिले ५ वर्षं, ४३,२६९ आले. पीएफ काढू नका, नव्या कंपनीत ट्रान्सफर करा, ५ वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागू शकतो. आणि पासबुकात दर महिन्याचा हप्ता खरंच भरलाय का ते बघा, आपल्या पगारातून कापलाय म्हणजे तिकडे भरलाच असं नसतं.

नवं ऑफर लेटर हातात आलं की राजीनामा मेलवरच द्यायचा, सीसीमध्ये स्वतःचा जीमेल टाकून. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला) त्याच्या आदल्या रात्रीच उतरवून घ्या, माझा कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी जेवायच्या सुट्टीतच बंद केला होता.